तुटलेल्या भागांचे कपाट

आपल्या वर्कशॉपमध्ये लेथच्या रांगेमागे एक लोखंडी कपाट आहे. त्याला कुलूप कधी लावले नाही. वरच्या कप्प्यात पुढच्या चाकाचा दोन तुकडे झालेला हब आहे. त्याखाली वाकलेले टाय रॉड, दात उडालेले गिअर, जळून काचेसारखे गुळगुळीत झालेले सीव्हीटीचे पट्टे. तळाशी सस्पेन्शनचा एक सबंध ए-आर्म आहे. तो दिसायला धडधाकट, पण वेल्डिंगच्या कडेला नख फिरवले तर चीर लागते. प्रत्येक तुकड्याला तारेने पत्र्याची चकती बांधली आहे आणि तिच्यावर चार गोष्टी लिहिल्या आहेत: गाडी कोणती, भाग कुठे तुटला, किती वेळ चालून तुटला आणि पुढे काय केले. संपादक मंडळाने रेसिंग संघाचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा फायली, फोटो आणि प्रशस्तिपत्रे यांची थप्पीच माझ्या हाती दिली. ती सगळी वाचली. तरी लिहायला घेण्याआधी एक अख्खी दुपार मी या कपाटासमोर स्टूल टाकून बसलो. आपली गाडी वर्षानुवर्षे कशी घडत गेली, ते या चकत्यांवर जितके स्वच्छ लिहिलेले आहे तितके फायलींत नाही.

आपला संघ ज्या शर्यतीत उतरतो ती ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक माणूस बसेल अशी, खाचखळग्यांतून धावणारी गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि स्वतःच पळवायची, अशी ‘बाहा’ नावाची स्पर्धा 1976 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली. आपल्याकडे एसएईइंडिया या संस्थेने ती 2007 पासून इंदूरजवळ पिथमपूरला भरवली. इंजिन सर्वांना एकच, त्या काळी 305 सीसी, 10 हॉर्सपॉवरचे, आणि त्याला आतून हात लावायची परवानगी नाही. म्हणजे ताकदीत कोणी कोणाच्या पुढे जाऊ शकत नाही. जे काही करायचे ते सांगाड्यात, चाकांत, सस्पेन्शनमध्ये आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत. ब्रेक, चढण, वळणे, आराखड्याची तोंडी परीक्षा असे बरेच टप्पे असतात. पण 1000 पैकी 400 गुण एकट्या शेवटच्या टप्प्याला. त्याला मुले ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात. दगड, चिखल, उड्या आणि खड्डे यांच्या वाटेवर सगळ्या गाड्या एकदम सोडायच्या आणि चार तास चालू ठेवायच्या. जिचे फेरे जास्त तिचे गुण जास्त. गाडी बंद पडली तर ओढून आणा, दुरुस्त करा, परत सोडा. घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही.

या गाडीला नियमांच्या पुस्तकात ‘प्रोटोटाइप’ म्हणतात, म्हणजे पहिला नमुना. पहिला नमुना बनवणे हे बेळगावला नवीन नाही. 1888 साली किर्लोस्कर बंधूंनी याच गावात सायकलींचे दुकान काढले. त्यांतले लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सोडून यंत्रांकडे वळले आणि शेवटी बेळगावात येऊन भावाबरोबर उभे राहिले. 1903 साली त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे नांगर पडून राहिले. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितली आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण लोखंड वितळवणारे, लेथवर उभे राहणारे हात या भागात पुढेही तयार होतच राहिले. खानापूर रस्त्यावरचे उद्यमबाग, पुढे मच्छे, तिथल्या फौंड्र्या आणि मशीनशॉप ही त्यांचीच वाढलेली वस्ती आहे.

आपले शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगावला चिकटून, पण कारभार पटवर्धनांचा. इथे माग होते, सराफ होते. मागाचा एखादा दांडा तुटला तर तो करून देणारे सुतार-लोहार होते. बारीक कामाची नजर या गावाला आधीपासून आहे. 1979 साली कर्नाटक लॉ सोसायटी आणि केएलई या दोन्ही संस्थांनी बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालये काढली, 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय इथे आले, आणि ज्या मुलांचे वडील-काका उद्यमबागेत पाळीवर जात होते ती मुले ड्रॉइंग बोर्डावर बसू लागली. आपल्या संघाची पहिली तुकडी यातलीच. पिथमपूरची स्पर्धा सुरू झाल्यावर काही वर्षांनी पाच-सहा मुले माझ्याकडे नियमांचे पुस्तक घेऊन आली. मी वर्कशॉपमध्ये शिकवत होतो. त्यांना जागा हवी होती, वेल्डिंग मशीन हवे होते आणि संध्याकाळी सहानंतर दार उघडे ठेवणारा कोणीतरी हवा होता.

पहिल्या गाडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सांगाड्याच्या नळ्या वाकवताना आत दबायच्या. खुर्च्या-टेबले करणाऱ्याच्या बेंडरवर नेल्या तरी तेच. शेवटी एका जुन्या मोल्डरकाकांनी फौंड्रीतली सुकी वाळू नळीत ठासून भरायला लावली, दोन्ही तोंडे लाकडी गुट्ट्यांनी बंद करायला लावली आणि मग ताव देऊन वाकवली. एकही सुरकुती आली नाही. नियमाप्रमाणे नळीच्या पोलादात कार्बन किमान 0.18 टक्के लागतो, त्याचा दाखला लागतो, वेल्डिंगचे तुकडे तोडून दाखवावे लागतात. मुलांना वाटायचे हे सगळे कागदी काम आहे. गाडी उलटली तर आतल्या मुलाच्या डोक्यावर याच नळ्या असणार आहेत, हे त्यांना पटवण्यात माझा एक महिना गेला आणि तो महिना सत्कारणी लागला असे मी आजही मानतो.

आता त्या हबकडे येतो, कारण संघाचा खरा जन्म मी त्या दिवसापासून धरतो.

हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसते तो मधला भाग. वजन कमी करायचे म्हणून मुलांनी तो अॅल्युमिनियमचा ओतवून घ्यायचे ठरवले. पॅटर्न त्यांनीच केला, एका छोट्या फौंड्रीने सवलतीत ओतून दिला, लेथवर फिनिशिंग आपल्याकडे झाले. दिसायला इतका देखणा की एका मुलाने तो रुमालात गुंडाळून घरी आईला दाखवायला नेला होता. पिथमपूरला गाडीने तपासणी पार केली, ब्रेक लावल्यावर चारही चाके हवी तशी जाम झाली, चढण चढली. एन्ड्युरन्समध्ये दुसरा तास संपत आला होता. एका उडीनंतर गाडी खाली टेकली आणि पुढचे डावे चाक तिला सोडून एकटेच पुढे गेले. ते लांबपर्यंत घरंगळत गेले, कुंपणाच्या टायरांना लागून आडवे झाले. गाडी नाकावर बसली. चालक मुलगा बाहेर आला, त्याला खरचटलेसुद्धा नव्हते, आणि मी जागेवर खाली बसलो.

परतीच्या वाटेवर तो तुटका हब माझ्या मांडीवर होता. तुटलेली बाजू उन्हात धरून पाहिली तर तिचे दोन भाग दिसत होते. एका बाजूला गुळगुळीत, राखाडी, आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा वाकड्या बारीक रेषा. दुसऱ्या बाजूला खरबरीत, चमचमणारे दाणे. ज्याने लोखंडात आयुष्य काढले आहे त्याला ही भाषा वाचता येते. खरबरीत भाग त्या उडीला एका झटक्यात तुटला; गुळगुळीत भाग त्याच्या कितीतरी आधीपासून, प्रत्येक खड्ड्याला केसभर उघडत होता. म्हणजे सकाळी आम्ही नारळ फोडला तेव्हाच हब अर्धा तुटलेला होता. त्या रेषा मागे-मागे जात जिथे मिळत होत्या तिथे मोहरीएवढे एक छिद्र होते, ओतताना कोंडलेल्या वायूचे. आणि ते छिद्र नेमके बोल्टच्या चकतीपाशी, जिथे आमच्या ड्रॉइंगमध्ये काटकोनी कोपरा होता. धारदार कोपऱ्यात ताण साचतो, गोलाईवरून तो वाहून जातो, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवत होतो. माझी सही त्या ड्रॉइंगवर होती.

मुले फौंड्रीवर चिडली होती. मी त्यांना एवढेच म्हणालो की छिद्र त्यांचे आणि कोपरा आपला. दोन्हींपैकी एक जरी नसते तरी चाक कदाचित टिकले असते. घरी आल्यावर हब फेकून द्यायला निघालेल्या मुलाला थांबवून मी त्याला पत्र्याची चकती कापायला लावली. कपाटातली ती पहिली. ‘पुढे काय केले’ या ओळीत लिहिले आहे: कोपऱ्याला 4 मिलिमीटर गोलाई, हब ओतायचा नाही, ईएन 24 पोलादातून लेथवर काढायचा, वजन वाढले तरी चालेल.

त्या उन्हाळ्यात मी मुलांना ल माँची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या या गावात 1923 पासून चोवीस तासांची शर्यत होते आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या गाड्यांचे ते माहेर आहे. 1969 साली पोर्शेने तिथे 917 नावाची नवीकोरी गाडी आणली. बारा सिलिंडर, साडेचार लिटरचे हवेने थंड होणारे इंजिन. वेगात तिच्याजवळ कोणी नव्हते. व्हिक एलफर्ड आणि रिचर्ड अॅटवूड यांची 917 भली मोठी आघाडी घेऊन पुढे होती, आणि एकविसाव्या तासात थांबली. कारण काय, तर क्लचभोवतीच्या कवचाला तडे गेले. कवच म्हणजे ओतीव काम. आपल्या उद्यमबागेत जसले रोज शेकड्याने निघते तसले. जगातल्या सर्वांत वेगवान गाडीला ते अडवू शकले. पुढच्या वर्षी तोच अॅटवूड हान्स हेरमान यांच्यासोबत परत आला. काही 917 गाड्यांत तोवर 4.9 लिटरचे नवे, जास्त ताकदीचे इंजिन बसले होते. यांच्या गाडीत मात्र आधीचे साडेचार लिटरचेच होते. पाऊस झाला, 51 गाड्या सुटल्या आणि निकालात फक्त 7 धरल्या गेल्या. पहिली ही जुन्या इंजिनाची गाडी. पोर्शेचा ल माँमधला तो पहिला निर्भेळ विजय. आपल्या देशाचा करुण चंडोक 2012 मध्ये तिथे चोवीस तास पुरे करून सहावा आला, हेही मी सांगितले. पण मुलांच्या मनात बसले ते तडकलेले कवच. त्या वर्षीच्या आराखड्यात कोणीही ‘वजन किती कमी झाले’ हा प्रश्न पहिला विचारला नाही.

पुढच्या दोन-तीन तुकड्यांची वर्षे मी भराभर सांगतो, कारण त्यांतली बरीचशी धडपड इतर संघांसारखीच आहे: पैसे गोळा करणे, रजेचे अर्ज, आराखड्याची प्राथमिक फेरी हुकणे, परत उभे राहणे. गाडी टेम्पोत घालून निपाणी, कोल्हापूर, पुणे, धुळे करत इंदूरला न्यायची. एकदा तवंदीच्या घाटात दोर सैल होऊन गाडी मागच्या फळीवर आदळली आणि निपाणीला चहाच्या टपरीपाशी रस्त्याच्या कडेला पुढचा ए-आर्म बदलावा लागला. तेव्हापासून सुट्या भागांची पेटी टेम्पोत सर्वांत वर ठेवायची, तळाशी नाही, हा आपला नियम आहे.

चाचणीसाठी जागा नव्हती. ती येळ्ळूरच्या वाटेवरच्या एका शेतकरीमामांनी दिली. भात कापून झाले की पुढची मशागत सुरू होईपर्यंत त्यांच्या शेतात गाडी फिरवायची, बांध हीच उडी. अट एकच: फुटलेला बांध त्याच संध्याकाळी नीट घालून द्यायचा. मुलांनी तो घातला, आणि त्या निमित्ताने खोऱ्याला हात न लावलेली काही मुले खोरे धरायला शिकली. चार तासांच्या शर्यतीसाठी आधी चाळीस तास गाडी पळाली पाहिजे असा आम्ही दंडक केला. चाळीसचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. पहिल्या दहा तासांत काय तुटायचे ते तुटते, पुढच्या विसांत जे तुटते ते शिकवते आणि शेवटचे दहा तास मनाच्या खात्रीसाठी, असे आमच्या अनुभवातून ठरत गेले. त्या तासांची वही एका मुलीने सुरू केली. ती संघातली पहिली मुलगी. दर अर्ध्या तासाला थांबवून प्रत्येक नटावरची रंगाची रेघ सरकली का ते ती पाहायची. रेघ सरकली म्हणजे नट ढिला होतोय. तिच्या वहीमुळे वाचलेले भाग या कपाटात नाहीत, म्हणून त्यांची नोंद इथे करतो.

शहापूरच्या सराफांचे ऋण वेगळे आहे. आपल्या गाडीला गिअर बदलायचा दांडा नसतो, सीव्हीटी असते. दोन पुली, मध्ये पट्टा. इंजिन जोरात फिरू लागले की पुढच्या पुलीतली छोटी वजने बाहेर फेकली जातात, पुलीच्या बाजू जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गाडी वेग घेते. ही वजने थोडी जड झाली तर पट्टा लवकर चढतो आणि चढणीवर इंजिन गुदमरते. हलकी झाली तर इंजिन नुसते ओरडते, पट्टा घसरून जळतो. कपाटातले काळे पट्टे ते हेच. फरक ग्रॅम-अर्ध्या ग्रॅमचा, आणि वर्कशॉपचा काटा पाच ग्रॅमच्या खाली बोलत नव्हता. मग एक मुलगा ती वजने कागदाच्या पुडीत घालून खडेबाजारात आपल्या ओळखीच्या सराफांकडे गेला. त्यांनी मोठ्या आस्थेने प्रत्येक वजन सोन्याच्या काट्यावर घातले आणि पुडीवर आकडे लिहून दिले. सहा वजने, आणि सहाही वेगळी! ती सारखी होईपर्यंत तो मुलगा कानस मारून तीन संध्याकाळी खडेबाजारात जात राहिला. त्यानंतर त्या गाडीचा पट्टा जळला नाही. आता आपल्याकडे चांगला काटा आहे, पण पुलीची वजने अजूनही एकदा शहापुरात दाखवून आणायची पद्धत मुलांनी ठेवली आहे आणि मला ती मोडावीशी वाटत नाही.

वर्कशॉपची भाषा हाही आपल्या इतिहासाचा भाग आहे. ड्रॉइंग इंग्रजीत, वेल्डर अण्णा कानडी, टर्नर मामा मराठी, मुलांपैकी निम्म्यांना दोन्ही येतात आणि उरलेल्यांना एक वर्षात येऊ लागतात. ‘अर्धा सूत कमी’ म्हटले की सर्वांना कळते. खंडेनवमीला सगळी हत्यारे, लेथ आणि अर्धवट सांगाडा यांची एकत्र पूजा होते. सांगाड्याला झेंडूचा हार घालून त्या वर्षीचे पहिले वेल्डिंग अण्णांच्या हाताने होते.

2015 पासून स्पर्धेत विजेवरच्या गाड्यांचा वेगळा गट आला. आपणही त्यात उतरलो. इथे तुटण्यापेक्षा तापण्याची भीती जास्त, चिखलपाणी आत जाण्याची भीती त्याहून जास्त. त्या कामाचा इतिहास ते करणाऱ्या मुलांनीच लिहावा. मी लोखंडाचा माणूस आहे. एवढे मात्र सांगतो की त्यांनीही आपली चकत्यांची पद्धत घेतली. खालच्या कप्प्यात वितळलेले दोन कनेक्टर आहेत. आपले काही माजी विद्यार्थी आता हत्तरगीच्या विमानभागांच्या कारखान्यांत आहेत. सुटीत आले की ते आधी कपाट उघडतात, नवे काय आले ते बघतात, आणि मग चहा घेतात.

ज्या वर्षी आपल्या गाडीने पूर्ण चार तास काढले, त्या दिवसाचे फोटो या अंकात आहेत. फोटोत गाडीचा रंगही ओळखू येत नाही, इतका चिखल. शेवटच्या वीस मिनिटांत मागून बारीक करकर येत होती आणि गाडी आत बोलवायची की राहू द्यायची यावर कोणीच काही बोलत नव्हते. वही सांभाळणाऱ्या मुलीच्या जागी तोवर तिसरी मुलगी आली होती. तिने वही चाळून सांगितले की ही करकर येळ्ळूरच्या शेतात एकतिसाव्या तासाला आली होती, ती चिखलात अडकलेल्या खड्यांची आहे, बेअरिंगची नाही. गाडी आत बोलावली नाही. झेंडा पडला तेव्हा ती स्वतःच्या चार चाकांवर चालत आली.

बेळगावला परतल्यावर मुलांना गाडी धुऊन दर्शनी भागात ठेवायची होती. मी आधी ती पूर्ण खोलायला लावली. पुढचा डावा हब, पोलादाचा, न तुटलेला, रॉकेलने स्वच्छ केला, त्यावर तांबडे पेनिट्रंट मारले, थोडा वेळ ठेवून पुसून काढले आणि वरून पांढरी डेव्हलपर पावडर फवारली. दोन मिनिटे काही नाही. मग त्या 4 मिलिमीटरच्या गोलाईच्या अगदी मुळाशी, पांढऱ्यावर, शिवणीच्या दोऱ्याएवढी तांबडी रेघ हळूहळू उमटली. सगळी मुले वाकून बघत होती. कोणी काही न सांगता एका मुलाने कात्री घेऊन पत्रा कापायला सुरुवात केली.

तो हब कपाटात वरच्या कप्प्यात, पहिल्या तुटक्या हबच्या शेजारी ठेवला आहे. चकतीवर लिहिले आहे: चार तास पूर्ण, तुटला नाही, चीर सुरू झाली होती. ‘पुढे काय केले’ ही ओळ त्या दिवशी कोरी सोडली होती. सध्याच्या तुकडीने तिथे पेन्सिलीने 6 मिलिमीटर असे लिहिले आहे, आणि नवा हब आज लेथवर चढलेला आहे.